कॅन्सरसाठी पायपीट

१९८० च्या फेब्रुवारीत वानखेडे स्टेडियमवर झालेला सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना जुन्या क्रिकेटरसिकांच्या आजही लक्षात आहे. इंग्लंडच्या इयान बोथमने त्या एका सामन्यात शतक ठोकलं, तेरा बळी घेतले आणि भारताला दहा गडी राखून हरवलं. अशी कामगिरी कसोटीच्या इतिहासात तोवर कुणी केली नव्हती. मुंबईकरांना बोथम आठवतो तो त्या सामन्यासाठी. त्यानंतर पाच वर्षांनी त्याने पायांनी जे काम सुरू केलं, त्याची ओळख मात्र आपल्याकडे फारशी झाली नाही. ते काम धावांपेक्षा आणि बळींपेक्षा जास्त टिकलं.

त्याची सुरुवातही पायापासूनच झाली. १९७७ साली ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत चेंडूवर पाय पडून बोथमच्या पावलातलं हाड मोडलं. उपचारासाठी तो टाँटन गावातल्या मसग्रोव्ह पार्क हॉस्पिटलात गेला. तिथे जाता-येताना लहान मुलांचा वॉर्ड लागायचा. काही मुलं उघडच आजारी होती, तर काही टेबलाभोवती बसून खेळत होती. त्या खेळणाऱ्या मुलांकडे पाहून ती आजारी आहेत असं कुणी म्हटलं नसतं. त्यांना काय झालंय, असं त्याने डॉक्टरांना विचारलं. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. त्यातल्या काहींच्या हातात थोडेच आठवडे उरले होते. बोथम तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि बाप होण्याच्या वाटेवर होता. टेबलाभोवतीची ती मुलं त्याच्या डोक्यातून गेली नाहीत, हे त्याने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं आहे.

१९८५ च्या ऑक्टोबरअखेर तो स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरच्या जॉन ओ'ग्रोट्सहून पायी निघाला आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या लँड्स एंडला पोचला. हे अंतर सुमारे चौदाशे किलोमीटर आहे आणि त्याला ३५ दिवस लागले. म्हणजे रोजचे सरासरी चाळीस किलोमीटर, तेही अशा ऋतूत, जेव्हा स्कॉटलंडमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधारायला लागतं आणि पाऊस आडवा येतो. त्याचा तिसावा वाढदिवस वाटेतच आला. त्या एका चालण्यातून दहा लाख पौंडांच्या घरात पैसा उभा राहिला आणि तो ल्युकेमियाच्या संशोधनाला गेला. पुढे १९८८ साली तो हॅनिबलच्या वाटेने, हत्तींना सोबत घेऊन आल्प्स ओलांडायला निघाला. नंतरच्या तीन दशकांत अशा मोहिमा होत राहिल्या आणि एक कोटी पौंडांहून अधिक निधी जमला. २००७ साली त्याला 'सर' हा किताब मिळाला, तो क्रिकेटइतकाच या कामासाठीही होता.

इथे एक साधा प्रश्न पडतो. बोथमसारख्या माणसाला पैसा गोळा करायला चालायची काय गरज होती? एक प्रदर्शनीय सामना ठेवला असता, दोन-चार उद्योगपतींना फोन केले असते, तरी रक्कम जमली असती. पण चालण्यात जे होतं ते फोनवर होत नाही. चालणारा माणूस हळू असतो. तो गावाच्या वेशीतून आत येतो, शाळेवरून जातो, दुकानापुढे थांबतो आणि तासाभराने दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. तेवढ्या वेळात कुणीही त्याच्याजवळ जाऊ शकतं. बोथमच्या वाटेवर लोक रस्त्याच्या कडेला उभे राहत आणि सोबतच्या स्वयंसेवकांच्या बादल्यांत नाणी टाकत. मोठ्या देणगीदारांचे धनादेश आले तेही खरं, पण या मोहिमेला देशव्यापी केलं ते नाण्यांनी. आपण दिलेल्या पैशासाठी कुणीतरी अंग झिजवतंय, हे देणाऱ्याला समोर दिसत होतं.

आणखी एक गोष्ट घडते. दूर पल्ल्याला कॅन्सरसाठी चाललेले जवळपास सगळे जण ती सांगतात. लोक नुसते पैसे देत नाहीत, आपल्या माणसाबद्दल सांगतात. कुणाची आई, कुणाचा सात वर्षांचा मुलगा, कुणाची स्वतःची शस्त्रक्रिया. कॅन्सर हा असा आजार आहे, ज्याबद्दल घरातच दबक्या आवाजात बोललं जातं. अनोळखी माणूस त्याच्याच नावाने पाठीवर फलक लावून रस्त्याने येतो, तेव्हा ते बोलायला एक जागा मिळते. आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याला वाटेवरची गावं जेवू घालतात, त्याचे पाय चेपून देतात. १९५१ साली पोचमपल्लीतून निघालेले विनोबा तेरा वर्षांहून अधिक काळ चालत राहिले आणि गावोगाव लोकांनी त्यांच्या पदरात जमिनी टाकल्या. पायी दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही रीत इथल्या मातीत जुनी आहे. कॅन्सरसाठी चालणाऱ्याने ती फक्त एका नव्या कामाला जोडायची असते.

पण जमलेला पैसा कुठे गेला आणि त्याने काय केलं, हे पाहिल्याशिवाय या पायपिटीचं मोल कळत नाही.

ज्या ब्रिटिश संस्थेसाठी बोथम चालला, तिची सुरुवात १९६० साली मिडल्सबरो या औद्योगिक शहरात झाली. सुझन ईस्टवुड ही सहा वर्षांची मुलगी ल्युकेमियाने गेली. तिच्या आईवडिलांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी निधी जमवायला सुरुवात केली. तो आजार का होतो, हे शोधायला पैसा हवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तोच 'ल्युकेमिया रिसर्च फंड' आज 'ब्लड कॅन्सर यूके' या नावाने काम करतो आणि पुढे बोथम त्याचा पहिला अध्यक्ष झाला. १९६० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या दहा मुलांतलं एखादंच वाचत असे. आज ब्रिटनमध्ये मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियातून दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात. हे बोथमच्या चालण्यामुळे झालं असं म्हणणं चूक ठरेल. ते झालं हजारो मुलांवर वर्षानुवर्षं शिस्तीने केलेल्या उपचारचाचण्यांमुळे. एक औषध पुरत नाही म्हणून तीन-चार एकत्र द्यायची, किती द्यायची, किती महिने द्यायची, मेंदूत दडलेल्या पेशींपर्यंत औषध कसं पोचवायचं, हे सगळं एकेक चाचणीने ठरत गेलं. अशा चाचण्यांना दहा-दहा वर्षं लागतात आणि त्या काळात पैसा सतत यावा लागतो. रस्त्यावरची बादली तिथे कामाला आली.

या कहाणीत भारताचे धागे दोन-तीन ठिकाणी येतात. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांवर औषधाचा पहिला परिणाम जगाला दाखवला. त्यांनी वापरलेलं अमिनॉप्टेरिन हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रात जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच्याही आधी, १९३१ साली, लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी पत्नीच्या नावाने जो न्यास केला, तो १९३२ पासून जगभरातल्या ल्युकेमिया संशोधकांना मदत देतो आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, आणि त्यामागेही याच दुःखाची आठवण होती.

पुढे १९८४ च्या सुमारास, म्हणजे बोथम पहिल्यांदा चालला त्याच काळात, टाटा हॉस्पिटल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या साथीने मुलांच्या ल्युकेमियासाठी एक उपचारपद्धत ठरवली. कॅन्सरतज्ज्ञ तिला 'एमसीपी ८४१' म्हणून ओळखतात. आपल्या रुग्णालयांना झेपेल, आपल्या मुलांना सोसेल, अशा बेताने ती आखली होती. त्याआधी या केंद्रांत पाचातलं एखादं मूल वाचायचं. नंतर तेच प्रमाण केंद्राकेंद्राप्रमाणे चाळीस ते साठ टक्क्यांवर गेलं. औषधं नवी नव्हती. फरक पडला तो ती ठरल्याप्रमाणे, पूर्ण मुदतीपर्यंत देण्याने.

हा 'पूर्ण मुदतीपर्यंत' शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे पुन्हा यायचं आहे. त्याआधी कॅनडाच्या एका मुलाबद्दल लिहायलाच हवं. तो चालला नाही, एका पायावर धावला. पण कॅन्सरसाठी रस्त्यावर उतरलेला प्रत्येक माणूस त्याचं नाव घेतो.

टेरी फॉक्स अठरा वर्षांचा असताना, १९७७ च्या मार्चमध्ये, त्याच्या उजव्या गुडघ्याजवळच्या हाडाला कॅन्सर झाल्याचं कळलं आणि मांडीपासून पाय कापावा लागला. केमोथेरपी सोळा महिने चालली. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की, वाचण्याची शक्यता निम्मी आहे. दोनच वर्षांपूर्वी ती पंधरा टक्के होती. संशोधन म्हणजे काय, ते या एका आकड्याने त्याला कळलं. आपण जगलो ते आधीच्या कुणाच्या तरी पैशामुळे आणि कष्टांमुळे, हे त्याने मनोमन मानलं. वॉर्डात आजूबाजूची मुलं जाताना त्याने पाहिली होती. १२ एप्रिल १९८० रोजी न्यू फाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला त्याने आपला कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला सुरुवात केली. पलीकडच्या टोकाला पॅसिफिक महासागर होता.

तो धावायचा कसा, हे चित्रफितींत आजही दिसतं. चांगल्या पायावर दोन उड्या, मग कृत्रिम पायाचं एक पाऊल. त्या काळचा कृत्रिम पाय धावण्यासाठी बनलेला नव्हता. मांडीचा उरलेला भाग घासून रक्ताळायचा. पुढे पुढे गाडी न्यायची आणि दर मैलाला थांबून पाणी द्यायचं, हे काम त्याचा मित्र डग अल्वर्ड करत होता. सुरुवातीच्या दिवसांत कित्येक गावांत त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. क्यूबेकमध्ये तर भाषेचीही अडचण होती. ओंटारिओत शिरल्यावर मात्र चित्र पालटलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी उसळली. रोज जवळपास एका मॅरेथॉनइतकं अंतर, असं १४३ दिवस धावून त्याने ५,३७३ किलोमीटर पुरे केले. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याच्या छातीत कळ आली. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. २८ जून १९८१ रोजी तो गेला. बावीस वर्षांचा होता.

प्रत्येक कॅनेडियन माणसाने एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची इच्छा होती. देशाची लोकसंख्या दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास होती. १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलर जमले. टेरीने ते जिवंतपणी पाहिलं. आपल्या नावावर कुठल्याही कंपनीने जाहिरात करायची नाही, हा त्याचा हट्ट होता आणि त्याच्या नावाने दर सप्टेंबरात होणाऱ्या दौडींत तो आजही पाळला जातो. जिंकण्या-हरण्याची स्पर्धा नसलेल्या या दौडीत चालणारेही असतात, व्हीलचेअरवाले आणि बाबागाडी ढकलणारेही असतात.

सगळ्यांनाच असा पल्ला झेपत नाही. अंतर म्हणजेच सर्व काही नव्हे, हे अमेरिकेतल्या टकोमा शहरातले आतड्यांचे सर्जन डॉ. गॉर्डी क्लॅट यांनी दाखवून दिलं. १९८५ च्या मे महिन्यात ते एका कॉलेजच्या मैदानाभोवती चोवीस तास चालत आणि धावत राहिले. १३० किलोमीटरहून जास्त अंतर झालं. मित्र आणि रुग्ण पंचवीस डॉलर देऊन अर्धा तास त्यांच्यासोबत चालले. रात्रभर साथ देणाऱ्यांमुळे २७ हजार डॉलर जमले. त्यांच्या या कल्पनेतून 'रिले फॉर लाइफ' सुरू झालं. गट करायचा, रात्रभर आळीपाळीने फेऱ्या मारायच्या, कुणीतरी एक सतत मैदानावर असलाच पाहिजे, कारण कॅन्सर रात्री झोपत नाही. ही पद्धत अनेक देशांत पसरली. तिचं यश तिच्या सोपेपणात आहे. गावातल्या शाळेचं मैदान पुरतं.

लंडनमधला 'मूनवॉक' यापेक्षा वेगळा. निना बॅरो या बाईंनी १९९६ साली मैत्रिणींसोबत न्यूयॉर्क मॅरेथॉनचं अंतर चालून स्तनांच्या कॅन्सरसाठी पैसे गोळा केले, तेही सजवलेल्या ब्रा वरून घालून. परत आल्यावर थोड्याच काळात त्यांना स्वतःलाच तो कॅन्सर असल्याचं कळलं. त्यातून बऱ्या होताना त्यांनी मध्यरात्री चालायच्या मॅरेथॉनची कल्पना रुजवली. ज्या अवयवाचं नाव घ्यायला बायका लाजतात, त्याची लाज रस्त्यावरच उतरवून ठेवायची, हा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे गाठ हाताला लागूनही घरात महिनोन्महिने न सांगणाऱ्या बायका आहेत, आणि आजार पुढे गेल्यावर त्या डॉक्टरकडे येतात. २०१२ साली मिलिंद सोमण यांनी मुंबईत सुरू केलेली 'पिंकेथॉन' फक्त बायकांसाठी ठेवली ती याच कारणाने. साडी नेसून, चपला घालून, नातवंडांना घेऊन तिथे बायका तीन किलोमीटर चालल्या.

पैशाच्या हिशेबाचा विषय टाळता येत नाही. अमेरिकेत १९९८ पासून स्तनांच्या कॅन्सरसाठी तीन दिवसांच्या, सुमारे शंभर किलोमीटरच्या मोठ्या पदयात्रा निघू लागल्या. तंबू, गरम पाण्याच्या आंघोळीची सोय, जेवण, वैद्यकीय पथक, जाहिराती असं सगळं एका खासगी कंपनीकडे होतं. तिचे मालक डॅन पॅलोटा. एरवी कधीच जमली नसती एवढी रक्कम यातून जमली, पण खर्चही मोठा होता. दिलेल्या शंभरातले किती रुग्णांपर्यंत पोचतात, असे प्रश्न उठले आणि २००२ मध्ये कंपनी बंद पडली. पॅलोटा आजही ठामपणे सांगतात की, खर्चाच्या टक्केवारीकडे पाहू नका, शेवटी किती पैसा कामाला लागला ते पाहा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. खर्च न करता मोठा निधी उभा राहत नाही. तरीही रस्त्यात नाणं टाकणाऱ्याला तो खर्च आधी सांगितलेला असावा, ही अपेक्षा अधिक रास्त आहे. कोविडच्या काळात ब्रिटनमध्ये शंभरीला टेकलेल्या कॅप्टन टॉम मूर यांनी आपल्या बागेत पंचवीस मीटरच्या शंभर फेऱ्या मारल्या. एकूण अंतर भरलं अडीच किलोमीटर आणि आरोग्यसेवेसाठी तीन कोटी पौंडांहून जास्त पैसा जमला. तो पैसा योग्य ठिकाणी गेला. पण पुढे त्यांच्या नावाने कुटुंबीयांनी काढलेल्या प्रतिष्ठानाची सरकारी चौकशी झाली आणि गैरव्यवहार नोंदवले गेले. म्हाताऱ्या माणसाच्या चांगल्या नावाला त्याने बट्टा लागला. चालणाऱ्याचा प्रामाणिकपणा आणि हिशेब ठेवणाऱ्याचा प्रामाणिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देणाऱ्याने दोन्ही तपासाव्यात.

आता पुन्हा परळकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन शाखेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे कॅन्सर रुग्ण आणि सुमारे ९ लाख मृत्यू होतात. त्यांतले हजारो जण दरवर्षी टाटा हॉस्पिटलात येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालातून. फाटकासमोरच्या फुटपाथवर पथारी टाकून राहिलेली कुटुंबं दादर-परळला ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहेत. औषधाचा मोठा भाग हॉस्पिटल, सरकारी योजना आणि धर्मादाय संस्था मिळून भागवतात. रेल्वे तिकिटात मोठी सवलत देते. पण मुलाच्या ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो आणि त्यातले पहिले काही महिने सतत हॉस्पिटलजवळ राहावं लागतं. तेवढे महिने बापाची मजुरी बुडते, गावात दुसरं मूल आजीजवळ असतं, इथे खोलीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण असतं. मग उपचार चालू असतानाच कुटुंब गावी निघून जातं. मूल बरं होत आलेलं असतानाही जातं. कॅन्सरतज्ज्ञ याला उपचार सोडणं म्हणतात, आणि आपल्याकडे मुलं दगावण्याचं ते एक मोठं कारण राहिलं आहे.

म्हणून इथे राहण्याची सोय हाही उपचारच आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना नाममात्र दरात जागा देते. महाराज स्वतः आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावोगाव पायीच फिरले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली 'सेंट ज्यूड' ही संस्था कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबाला फुकट खोली देते. तिथल्या स्वयंपाकघरात प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा ओटा असतो. आई आपल्या हाताने, आपल्या गावच्या पद्धतीने भाजी करते. केमोथेरपीने तोंडाची चव गेलेल्या मुलाला घरचा वरणभात मिळणं ही लहान गोष्ट नाही. टाटा हॉस्पिटलचा बालकॅन्सर विभागही मुलांच्या राहण्या-खाण्याची, समुपदेशनाची आणि परत न आलेल्यांना फोन करून शोधण्याची व्यवस्था देणग्यांतून चालवतो, आणि तिथलं उपचार सोडण्याचं प्रमाण आता बरंच खाली आलं आहे. अशा कामाला लागणाऱ्या रकमा तशा छोट्या असतात. एका कुटुंबाचं महिन्याचं जेवण, एक तिकीट, एक भाडं. दहा-वीस दिवस चालून जमलेल्या पैशाने कुणाचा उपचार पूर्ण होऊ शकतो, हे इथे हिशेबात बसतं.

मुंबईत यासाठी एक तयार वाटही आहे. २००४ पासून दर जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे आणि चालणारे आपापल्या पसंतीच्या संस्थेसाठी निधी जमवतात. त्यांत १९५१ साली स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी आणि १९६९ पासूनची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन यांसारख्या संस्थाही असतात. ज्याला स्वतःची वाट हवी, तो पुणे ते कोल्हापूर किंवा नाशिक ते मुंबई असा पल्ला ठरवू शकतो.

मात्र त्याची तयारी नीट हवी. हौशी माणसाचा पहिला अडसर म्हणजे पायाचे फोड, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. पाय दिवसभरात सुजतो, त्यामुळे बूट संध्याकाळी घ्यावेत आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्यावेत. नवे कोरे बूट घालून निघणं हा हमखास घात. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी लवकर सोलते. लोकरी किंवा खेळासाठी बनवलेले मोजे बरे. टाचेला किंवा चवड्याला चटका बसल्यासारखं वाटलं की, 'पुढच्या गावात बघू' न म्हणता तिथेच थांबावं, मोजा काढावा, पाय पुसून कोरडा करावा आणि त्या जागी चिकटपट्टी लावावी. फोड आलाच आणि मोठा, दुखरा असेल, तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढावं, पण वरची कातडी काढू नये. ती आतल्या जखमेचं झाकण असते. मधुमेह असलेल्यांनी मात्र फोडाला स्वतः सुई लावूच नये आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा पल्ल्याला निघूही नये. पायाची संवेदना कमी झाली असेल, तर जखम झालेली कळतही नाही.

सराव तीन-चार महिने आधी सुरू करावा. आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवत न्यावं आणि शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस लांब चालावं. थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी उठून चालता येतं का, हे त्यातच कळतं. नुसतं पाणी पीत राहण्यापेक्षा मीठ-साखर-लिंबाचं पाणी बरं. हमरस्त्यावर चालताना उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावं. पहाटे आणि संध्याकाळी चमकत्या पट्ट्यांचं जाकीट अंगात असावं. सोबत एक गाडी आणि एक शांत डोक्याचा माणूस असावा. टेरीला डग मिळाला नसता, तर तो इतका धावला असता का, याची शंकाच आहे. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन ओसरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले.

पैशाच्या बाबतीत एक पथ्य सगळ्यांत आधी पाळावं. पैसा चालणाऱ्याच्या खात्यात येता कामा नये. संस्थेची लेखी परवानगी घ्यावी, तिच्याच खात्याचा क्यूआर कोड फलकावर लावावा आणि प्रत्येकाला संस्थेची पावती मिळेल अशी व्यवस्था करावी. संस्थेला आयकर कायद्याच्या ८०-जीची मान्यता असेल, तर जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला सवलत मिळते. दोन हजारांवरच्या रोख रकमेला मात्र ती मिळत नाही. प्रवासाचा, राहण्या-जेवणाचा खर्च चालणाऱ्याने स्वतः करावा किंवा त्यासाठी वेगळा प्रायोजक शोधावा आणि तसं सांगून टाकावं. मोहीम संपल्यावर महिन्याभरात एकूण रक्कम आणि ती कशासाठी वापरली जाणार आहे, हे प्रत्येक देणाऱ्याला कळवावं.

आणि वाट आखायच्या आधी ज्या हॉस्पिटलासाठी चालायचं, तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन बसावं. सध्या नेमकं काय कमी पडतंय, ते तिथल्या समाजसेवकांइतकं कुणाला ठाऊक नसतं. कधी औषधाला पैसे असतात पण परतीच्या तिकिटाला नसतात. कधी खोली मिळते पण दूध-अंड्यांचा खर्च निघत नाही. कमी पडणाऱ्या रकमेचा आकडा कागदावर लिहून घ्यावा आणि फलकावर किलोमीटरच्या आधी तोच लिहावा.